सेफ्टीसाहेबांचे पातळ बूट

सेफ्टीसाहेब माणसांना पायांवरून ओळखायचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये लागलो, त्या पहिल्या सकाळी त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहून मी "गुड मॉर्निंग सर" म्हणालो. त्यांनी नजर वर उचलली, ती माझ्या गुडघ्यांपर्यंतच. मग बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले. मुलाखतीसाठी घेतलेले टोकदार, चकचकीत बूट होते ते.

"लग्नाला आलायस का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यांनी टेबलाखालून एक खोकं माझ्याकडे सरकवलं. आत लोखंडी टोपीचे काळे सेफ्टी शूज होते, एकेक असा की उचलताना हात खाली जावा. मी ते घालून उभा राहिलो. तोवर साहेबांनी कपाटातून हातोडा काढून माझ्या हातात दिला होता आणि स्वतःचा बुटातला पाय स्टुलावर ठेवला होता.

"मार."

"सर?"

"अरे, मार. बोटांवर मार. घाबरू नको, पाय माझा आहे."

मी हळूच टेकवल्यासारखा मारला. "जेवला नाहीस का?" म्हणाले. दुसऱ्यांदा जरा जोरात मारला. ठण्ण आवाज झाला, साहेबांनी बूट काढला, मोजा काढला, पाचही बोटं माझ्यासमोर हलवून दाखवली आणि म्हणाले, "आता जा. आणि हे बूट घातल्याशिवाय प्लांटमध्ये दिसलास, तर तुला बाहेर काढणारा मी पहिला असेन."

नव्या माणसाचं स्वागत असंच व्हायचं. एकदा एका ट्रेनी मुलीने हातोडा इतक्या मनापासून हाणला की स्टुलाचा पाय मोडला आणि साहेब जमिनीवर आले. पडल्या पडल्या त्यांनी आधी बूट काढला. "बघ! स्टूल गेलं, पाय आहे," म्हणाले. त्या मुलीचं कौतुक पुढे कितीतरी दिवस करत होते.

पन्नाशी उलटलेला, काटकुळा, भरघोस मिशीचा हा माणूस. कंपनीत सगळे त्यांना टरकून असायचे. होता होता टळलेल्या अपघाताला आमच्याकडे 'नियर मिस' म्हणतात, आणि साहेबांना जगात सगळीकडे नियर मिस दिसायचे. कॅन्टीनमध्ये कोणी हसत हसत जेवलं की घास अडकण्याचा नियर मिस. फडके रोडला कोणी मोबाइल बघत चाललं की अनोळखी माणसाचाही दंड धरून त्याला बाजूला घ्यायचे. "तुम्ही कोण?" असं त्या माणसाने विचारलं तर म्हणायचे, "सेफ्टी."

असा माणूस सकाळी काय घालून धावत असेल, असं मला कोणी विचारलं असतं तर मी हेल्मेट आणि गमबूट असंच काहीतरी सांगितलं असतं. त्यामुळे भागशाळा मैदानावर ते मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी ओळखलंच नाही. माझं लग्न जमवायचं घरात चाललं होतं आणि प्रत्येक फोटोत पोट माझ्याआधी येत होतं, म्हणून मी सकाळी मैदानावर जायला लागलेलो. समोरून हाफ पँटमधले दोन वाळके पाय येताना दिसले. पायांच्या टोकांना प्रत्येक बोट सुटं सुटं दिसत होतं, आणि बोटं हिरवीगार होती. मी वर बघितलं तर मिशी.

"साहेब, मोजे घालून धावताय?"

"बूट आहेत." त्यांनी एका पायावर उभं राहून एक बूट काढला, त्याची सुरळी केली आणि मुठीत बंद करून माझ्या नाकाखाली धरली. "दिसतोय? कुठे दिसतोय? सोल बघ, पोळीएवढा. खाली काय आहे ते पायाला कळतं."

"पण साहेब, कंपनीत तर तुम्ही..."

"कंपनीत पायावर काहीतरी पडतं. इथे पाय कशावर तरी पडतो. दोन्हींत फरक आहे. धाव."

मी धावलो. त्या सकाळपासून मी त्यांचा धावण्यातला जोडीदार झालो आणि ट्रायल घेण्याची वस्तूसुद्धा. धावण्याचं नवं सामान बाजारात आलं की साहेब ते आणायचेच. आधी स्वतःवर वापरायचे, मग माझ्यावर. पोटऱ्यांवर चढवायच्या घट्ट बाह्या त्यांनी एकदा मला दिल्या. त्या चढल्या, पण धावून आल्यावर उतरेनात. आमच्या स्वयंपाकघरात मी खुर्चीत आणि आई जमिनीवर बसून ओढतेय, असा तो कार्यक्रम झाला. "हे कोणी दिलं तुला?" आईने विचारलं. "सेफ्टी ऑफिसरने," मी म्हणालो. आईला ते खरं वाटलं नाही.

पाठीवर बांधायची पाण्याची पिशवी आली तेव्हा तर कमालच झाली. पिशवीला नळी, नळी तोंडाशी, धावता धावता चोखायची. नुसतं पाणी भरणं साहेबांना पसंत पडेना. त्यांनी कोकमाचं आगळ पाण्यात घातलं, मीठ घातलं, साखर अजिबात नाही. "रनरने साखर खायची नसते," हे त्यांचं तेव्हाचं ठरलेलं वाक्य. आणि त्या दिवशी पांढरा टीशर्ट घातला. घरडा सर्कलच्या आसपास पिशवी कुठेतरी उसवली. त्यांना पत्ता नाही, मी पुढे. मागून एक रिक्षा कचकन थांबली.

"काका, बसा, बसा आत! लागलंय तुम्हाला!"

मी वळून बघितलं. साहेबांची पाठ लालभडक आणि साहेब आपले संथपणे धावतायत. रिक्षावाला उतरून त्यांच्या मागे, त्याच्या मागे दूध घ्यायला आलेले दोघं-तिघं.

"मला काही झालेलं नाही," साहेब न थांबता म्हणाले.

"काका, तुम्हाला समजत नाहीये, शॉकमध्ये असं होतं!"

शेवटी साहेबांनी टीशर्टचं टोक पिळून त्याच्या नाकाशी धरलं. तो वास घेऊन म्हणाला, "सोलकढी?" साहेब खूश झाले. त्यांनी त्याला तिथेच उभं करून जखमी माणसाला रिक्षात कसं बसवायचं, मान कशी धरायची, हे शिकवलं. जखमी माणसाचं काम माझ्याकडे होतं.

मग मनगटावरचं घड्याळ आलं. छातीचे ठोके मोजायचं आणि ते वाढले की बाईच्या आवाजात बोलायचं. ते बंद कसं करायचं हे साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. एका आढावा बैठकीत प्लांटचे मोठे साहेब म्हणाले, "सेफ्टीचं बजेट या वर्षी थोडं कमी करावं लागेल," आणि भर शांततेत ती बाई इंग्रजीत म्हणाली, आपल्या हृदयाची गती वाढली आहे, कृपया विश्रांती घ्या. सगळे हसले. मोठे साहेबही हसले. बजेट त्या दिवशी वाचलं, आणि साहेब ते श्रेय घड्याळाला द्यायचे.

पण बाकी सगळं सामान येत-जात राहिलं, टिकले ते पातळ बूटच. हिरवे फाटले, मग निळे आले, मग त्याहून पातळ करडे. प्रत्येक नवा जोड आधीच्यापेक्षा पातळ. आणि त्यासोबत एक खेळ सुरू झाला. धावणं संपलं की साहेब मैदानाच्या कडेच्या झाडाखाली डोळे मिटून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "ठेव काहीतरी."

मी त्यांच्या पावलाखाली काहीतरी सरकवायचो. ते त्यावर हळूच भार देऊन सांगायचे, "चिंचोका." बरोबर. "बाटलीचं बूच. उलटं." बरोबर. "वाळकं पान." मैदानावर फिरायला येणारे आजोबा गोळा व्हायचे, खिशातून किल्ली काढून द्यायचे, कोणी जपमाळेचा मणी. साहेब ओळखायचे. कधी चुकले तर मात्र हसायचे नाहीत. पुन्हा तीच वस्तू ठेवायला लावायचे, मग पुन्हा. एकदा उजव्या पायाखाली गहू ठेवला होता, तो त्यांना तीनदा लागला नाही. चौथ्यांदा त्यांनी डोळे उघडून खाली बघितलं आणि म्हणाले, "गहू फार लहान असतो." मग तडक घरी गेले. मला वाटलं, हरलेलं आवडलं नसेल. काही माणसं कॅरममध्येही तशीच असतात.

त्यांच्या तत्त्वांची परीक्षा एकदा आमच्या गेटवर झाली. साहेब त्या दिवशी नव्या सॅकची ट्रायल म्हणून घरून कंपनीपर्यंत धावत आले. पायांत करडे पातळ बूट, सेफ्टी शूज आत केबिनमध्ये. गेटवर सिक्युरिटीच्या ज्या मॅडम होत्या त्यांना साहेबांनीच तयार केलं होतं. त्यांनी हात आडवा केला.

"साहेब, शूज."

"केबिनमध्ये आहेत."

"मग आत कशे जाणार? शूज घातल्याबिगर आत नाय. तुमीच सांगितलंय ना."

मी मागेच होतो. म्हटलं, साहेब, मी आणून देतो. तर म्हणाले, "माझ्या चुकीसाठी तू का चालायचं?" आणि रिक्षा करून घरी गेले. घरचे जुने सेफ्टी शूज घालून दुपारी आले, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सूचनांच्या वेळी सगळ्या शिफ्टसमोर उभे राहून म्हणाले, "काल गेटवर एका बेजबाबदार इसमाला अडवण्यात आलं. तो इसम मी. अडवणाऱ्या मॅडमसाठी टाळ्या." आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

त्यांच्या घरी माझं जाणं-येणं झालं ते या धावण्यामुळेच. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. उंच, शांत, आणि एखाद्या शब्दाने समोरच्याला खाली बसवणाऱ्या. त्यांना बुटांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग होता. "पूर्वी श्रीखंडाचं पातेलं यांच्या तावडीतून सोडवावं लागायचं," त्या मला म्हणाल्या. "आता ताटात काही गोड वाढलं की धावायला निघतात. रनर म्हणे!" साहेब गॅलरीत बूट धूत होते. ते ऐकू न आल्यासारखं करत राहिले.

मग येऊरचा रविवार आला. ठाण्याच्या धावणाऱ्या मंडळींचा एक गट येऊरच्या चढावर जायचा, त्यांच्याबरोबर आम्ही दोघं माझ्या गाडीने गेलो. ती सगळी मंडळी जाड जाड उशा लावलेल्या बुटांत. साहेबांनी आपले करडे बूट खिशातून काढले तेव्हा त्यांच्यात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "काका, उतारावर त्रास होईल हां. आणि या बुटांत अंतर, वेग हळूहळू वाढवायचा असतो."

"माहीत आहे," साहेब म्हणाले, आणि वेग वाढवला.

चढताना ते सगळ्यांच्या पुढे होते. उतरताना मी जवळजवळ पायथ्याशी आलो, तर साहेब रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलेले. बूट काढलेला, उजवं पाऊल मांडीवर. मी धावत गेलो.

"काय झालं साहेब?"

"दुखतंय," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा फुलला होता. मी खोटं सांगत नाही, माणसाला पहिलं नातवंड झाल्यावर असतो तसा चेहरा. "अरे, चांगलं सणसणीत दुखतंय! इथे बोट ठेव. दाब. हां... आई गं!" आणि हसले. मोठ्याने, मान मागे टाकून हसले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मला वाटलं, ऊन लागलं असावं.

नौपाड्यात एका हाडांच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलं. मी आधाराला आत जायला लागलो तर म्हणाले, "तू बाहेर बस." बराच वेळ आत होते. बाहेर आले ते पायात गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोठा बूट घालून. पावलातल्या एका हाडाला बारीक तडा गेला होता, काही आठवडे पाय टेकायचा नव्हता. डोंबिवलीला परत येताना गाडीत, कल्याण फाट्यापाशी म्हणाले, "अपघात झाला की चौकशी झाली पाहिजे. बुधवारी संध्याकाळी घरी ये."

मला ती गंमत वाटली. पण बुधवारी गेलो, तर खरोखरच चौकशी मांडली होती. साहेब पलंगावर, पाय उशीवर. समोर काकू खुर्चीत, मांडीवर मेथीची जुडी. मला साक्षीदार म्हणून स्टूल.

"पद्धत तीच," साहेब म्हणाले. "पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या उत्तराला कधीच थांबायचं नाही, खरं कारण तळाशी असतं. अध्यक्ष, तुझ्या काकू."

"मला नुसतं उत्तर चालणार नाही," काकू मेथी निवडत म्हणाल्या. "पायऱ्या दाखवायच्या. बोला. हाड का तडकलं?"

"पातळ बुटांत फार लवकर फार धावलो."

"का? हळूहळू वाढवायचं असतं हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. घाई झाली."

"घाई का?"

साहेब छताकडे बघायला लागले. "वेळ कमी आहे असं वाटायला लागलं होतं."

"का वाटायला लागलं?" काकूंचा हात मेथीतच होता. "कुठे जायचंय तुम्हाला?"

इथपर्यंत मी मनातल्या मनात हसत होतो. मग साहेब म्हणाले, "मला साखर निघाली आहे. कंपनीच्या तपासणीत. मागच्या वर्षी."

काकूंनी मेथी बाजूला ठेवली. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. मी उठायला लागलो, तर काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बस. पाचवं राहिलंय."

मग त्यांनी पाचवं विचारलं. आवाज चढवला नाही. "साखर निघाली की माणूस बायकोला सांगतो, गोळ्या घेतो. पातळ बूट का घेतो?"

"गोळ्या घेतोय," साहेब म्हणाले. "कंपनीत ठेवल्यात." मग थांबले. "बाबांचा पाय कशाने गेला, तुला काय सांगितलेलं आम्ही?"

"अपघात. मी या घरात आले तेव्हा ते कुबडीवरच होते."

"अपघात नव्हता तो. बाबा ठाण्याला खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. मी शाळेत होतो. एका संध्याकाळी घरी आले, दारात चपला काढायला लागले, तर एक चप्पल निघेना. ओढतायत, निघत नाही. मी बसून बघितलं तर खालून खिळा आरपार. चप्पल पायाला ठोकलेली. सकाळी कधीतरी घुसला असेल. दिवसभर त्या खिळ्यावर चालले आणि त्यांना कळलंच नाही. साखरेने तळवे बधिर झालेले." साहेब बोलता बोलता स्वतःच्या पावलाकडे बघत होते. "बाबा हसले रे. म्हणाले, चपलेला माझा लळा लागलाय. आई हसली नाही. मग ते चिघळलं, आणि..."



"म्हणून जन्मभर लोकांना जाड बूट घालत बसलो. आणि मला साखर निघाली ना, तेव्हा रोज सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की विचार यायचा, आज लागली का जमीन? सगळी लागली का? जाड बुटात काय कळणार? म्हणून पातळ घेतले. मग आणखी पातळ. लोकांना वाटायचं बुटांची ट्रायल चाललीय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू चिंचोके ठेवायचास ना..."

मला तो गहू आठवला.

"येऊरला दुखलं तेव्हा काय वाटलं सांगू? हाडापर्यंत दुखलं. म्हटलं, आहे. पाय आहे अजून."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "साखर असताना असले बूट घालायचे नसतात. हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कंपनीत दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर?"

"गेटबाहेर काढला असता."

"मग तुम्हाला काढलेलं आहे," काकू म्हणाल्या. गॅलरीत गेल्या, वाळत घातलेले करडे बूट उचलले, एका पिशवीत कोंबले आणि पिशवीला गाठ मारली. मग आत जाऊन भाजी फोडणीला टाकली. फोडणीचा आवाज जरा जास्तच मोठा आला. साहेब माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "चौकशी चांगली झाली." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.

हाड जुळल्यावर काकूंनी ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, साखरेच्या रुग्णांचे पाय तपासणाऱ्या. गाडी माझी, म्हणून मीही. बाईंनी साहेबांना आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि हातात एक बारीक, ताठ नायलॉनचा धागा घेतला. "मी तळव्याला कुठेकुठे टेकवणार आहे. जाणवलं की 'लागलं' म्हणायचं."

डावा पाय झाला. साहेब शाळेतल्या मुलासारखे म्हणत होते, "लागलं. लागलं. लागलं." टाचेवर थोडा वेळ लागला, पण म्हणाले. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येक 'लागलं'ला त्यांचा श्वास सुटत होता. मग उजवा पाय. "लागलं. लागलं." धागा अंगठ्याच्या टोकाला टेकला, वाकला. साहेब गप्प. बाईंनी धागा उचलून पुन्हा टेकवला. साहेब गप्प. चेहऱ्यावर काहीच नाही, पुढच्या स्पर्शाची वाट बघत शांत पडलेले.

काकूंना राहवेना. "लागलं ना हो?" त्या एकदम म्हणाल्या. "लागलं म्हणा ना."

साहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. धागा कुठेतरी टेकलाय आणि आपल्याला कळला नाही, हे त्यांना समजलं. त्या क्षणी एक छोटंसं खोटं बोलून त्या खोलीतल्या सगळ्यांना दिलासा देणं अगदी सोपं होतं. दुसरा कोणी असता तर बोललाही असता.

"नाही," ते म्हणाले. "अंगठ्याला नाही लागलं. तसंच लिहा डॉक्टर."

काकूंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि बाकीची तपासणी संपेपर्यंत धरून ठेवला. बाई म्हणाल्या, एका अंगठ्याचं टोक आणि शेजारच्या बोटाचं, एवढंच गेलंय. बाकी उत्तम आहे. लवकर आलात. साखर ताब्यात ठेवा, चाला, धावासुद्धा, पण जाड बुटांत. आणि रोज न चुकता तळवे नीट बघायचे, कारण तिथे काही टोचलं तर पाय सांगणार नाही.

पुढच्या सोमवारी कंपनीत साहेब शिफ्टसमोर उभे राहिले. "एका इसमाने स्वतःची साखर वर्षभर घरापासून लपवली," म्हणाले. "तो इसमही मीच." या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पण त्या आठवड्यात कितीतरी माणसं एकेकटी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून घेऊन बोलून आली. साहेब त्यांना मोजे काढायला लावायचे.

त्यानंतर माझं लग्न झालं, नोकरी बदलली, आम्ही ठाण्याला राहायला आलो. साहेब निवृत्त झाले, पण डोंबिवलीतच आहेत आणि धावतात. जाड उशांचे बूट घालून, हळूहळू. मागच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. साहेब धावायचे कपडे घालून गॅलरीत खुर्चीवर बसले होते. समोर वेताच्या मोढ्यावर काकू, आणि साहेबांची दोन्ही पावलं काकूंच्या मांडीवर, उन्हात. काकू चष्मा नाकावर ओढून, पेपर तपासावा तशा तळवे बघत होत्या. बोटांच्या बेचक्या, टाच, कडा. साहेब मुकाट बसलेले.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," साहेब म्हणाले. "हिने सही केल्याशिवाय बाहेर सोडत नाही."

"सगळं ठीक आहे," काकू म्हणाल्या. साहेब पाय ओढायला लागले, तर त्यांनी घोटा घट्ट धरला. "थांबा. शेवटची तपासणी राहिलीय." आणि तर्जनीच्या नखाने त्यांच्या तळव्याच्या मधोमध, टाचेपासून वरपर्यंत, एक हळूच रेघ ओढली.

साहेब खुर्चीतून उडाले. "अगं! अगं, गुदगुल्या होतात! सोड!"

"होतात?" काकूंनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"होतात! होतात ना! सोड गं, पोरगा बघतोय!"

ज्या माणसाला आख्खी कंपनी टरकून होती तो गॅलरीत दोन्ही हातांनी खुर्ची धरून लहान मुलासारखा खिदळत होता. शेजारच्या गॅलरीतल्या बाई बघायला आल्या. काकूंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी दुसरा पाय नीट मांडीवर घेतला, चष्मा सारखा केला आणि पुन्हा नख टेकवलं.